उमाळकरबाईंचा किलोमीटर

उमाळकरबाईंना गाडी चालवता येत नव्हती. गाडी सोडाच, सायकलसुद्धा येत नव्हती. तरी त्या वर्षांत दिग्रसमध्ये कुणाला गाडी घ्यायची असली की तो शोरूममध्ये जायच्या आधी आमच्या शाळेच्या स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "बाई हायेत का?"

बाई गणित शिकवायच्या. मी मराठी. शाळेत या दोन विषयांचं जमत नाही असा समज आहे, आणि तो खरा आहे. मी कविता शिकवताना डोळे मिटले की व्हरांड्यातून जाता जाता बाई म्हणायच्या, "मास्तर, उघडा डोळे. मागच्या बाकावरचे दोघं खिडकीतून गेले." आणि ते खरंच गेलेले असायचे.

ठेंगणी मूर्ती, इस्त्रीची सुती साडी, पायात पुरुषी सँडल आणि गळ्यात मंगळसूत्र असावं तशा काळ्या दोरीत अडकवलेलं स्टॉपवॉच. लग्न केलं नव्हतं. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "वेळेवर येणारा भेटला नाही." घड्याळ त्यांचं स्वतःचं होतं, चावीचं, स्टीलचं. क्रीडादिनाला धावणाऱ्या मुलांची वेळ घ्यायला म्हणून आणलेलं, पण मुलं वर्षातून एकदाच धावतात आणि बाईंना रोज काहीतरी मोजायला लागायचं. मग त्यांनी एसटी मोजायला घेतली. ड्रायव्हरच्या मागची सीट त्यांची ठरलेली. उतरताना सांगायच्या, "भाऊ, मागल्या मंगळवारपेक्षा चार मिनिटं जास्त लागले." एका ड्रायव्हरनं तर त्यांना लांबून येताना पाहून बस आधीच सोडली होती. बाई म्हणाल्या, "चला, आयुष्यात एकदा तरी वेळेच्या आधी सुटला."

एसटीवरून त्या मोटारींवर आल्या, त्याला कारण ती एक गाडी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर बाई म्हणतील, "जाहिरात करून राह्यले का मास्तर?" पण तुम्ही ओळखालच. मागचं दार वर उघडणारी, चार माणसांची, विदर्भात जिच्यात सात बसतात ती. त्या काळी दिग्रसमध्ये दुसरी गाडी म्हणजे ट्रक. कंपनीनं तिचे एकामागून एक प्रकार काढले आणि गावानं त्यांची बारशी केली. पहिली 'लहानी'. मग सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची आली, ती 'सोळी'. आणि नंतर टर्बो लावलेली डिझेलची, ती 'डिझेली'. युसूफमिस्त्रीकडे लहानी होती, गोपालसेठ जिनिंगवाल्यांनी सोळी घेतली होती आणि आमच्या डॉक्टरांनी डिझेली. यातली सगळ्यात जोरात कोणती पळते, यावर पानठेल्यावर इतका वाद चालायचा की पान खाल्लेल्या माणसाला थुंकायला सवड मिळत नसे.

कापसाचं सगळं बिनसलेलं, असे ते दिवस होते. भाव पडलेले, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचे पट्टे महिनामहिना बंद, बाजारात सामसूम. खरं बोलायला गेलं तर घशात अडकायचं, म्हणून लोक गाड्यांवर बोलायचे. बाईंनी एक दिवस ते भांडण ऐकलं आणि म्हणाल्या, "यात भांडाचं काय आहे? वेग म्हणजे बडेजाव नाही. भागाकार आहे."

आर्णी रस्त्यावर गावाबाहेर एक सरळसोट तुकडा आहे. तिथला एक किलोमीटरचा दगड आणि त्याच्या पुढचा दगड, या दोन दगडांमधलं अंतर एक किलोमीटर. दुसऱ्या दगडाशी नामदेवची चहाची टपरी. बाई तिथं दगडाला पाठ टेकून, हातात घड्याळ घेऊन बसायच्या. आणि पहिल्या दगडाशी बांबूला लाल फडकं बांधून उभा कोण? तर मराठीचे मास्तर. गाडी माझ्या दगडापाशी आली की मी फडकं खाली टाकायचं, की तिकडे बाईंनी घड्याळ दाबायचं. एवढंच माझं काम. एम. ए.ला मी विद्यापीठात दुसरा आलो होतो हे इथं नमूद करून ठेवतो.

फडकं टाकून मी चालत टपरीकडे जायचो. तो किलोमीटर मला नेहमी सोपा जायचा, दम लागायचा नाही. मला वाटायचं, तब्येत सुधारते आहे.

रविवार सकाळची ती चाचणी म्हणजे गावाची जत्रा झाली. बाईंची हिशेबाची वही होती, निळ्या कव्हरची. त्यात गाडीचा प्रकार, टायर, आत माणसं किती, वाऱ्याची दिशा, सगळं. दोन परीक्षा. एक 'उभ्यानं', म्हणजे थांबलेल्या गाडीनं सुटायचं. आणि एक 'पळत्यानं', म्हणजे मागून वेग घेऊन यायचं. उभ्यानं सुटताना पहिल्या शंभर पावलांत मिस्त्रीची लहानी सगळ्यांच्या पुढं असायची, कारण तिच्या अंगावर काही नव्हतंच. मिस्त्रीनं मागची सीटसुद्धा काढून ठेवली होती. डिझेली आधी झोपलेली असायची, मग कुणी मागून लाथ घातल्यासारखी एकदम उसळायची. आणि सोळी ओरडायची फार, पण तिला ओरडू दिलं तर शेवटी तीच पुढं जायची. पळत्या परीक्षेत लहानीला सत्तावीस सेकंद, डिझेलीला चोवीस आणि सोळीला सव्वातेवीस. बाईंनी जागेवर भागाकार केला आणि जाहीर केलं, "सोळी, ताशी एकशे पंचावन्न."

गोपालसेठनी पेढे वाटले. जिनिंग बंद पडल्यापासून त्यांना पहिल्यांदाच कुणी पहिला नंबर दिला होता.

सल्ला विचारायला येणाऱ्यांना मात्र बाई सरळ उत्तर द्यायच्या नाहीत. महागावचा एक नवा नवरदेव आला होता. म्हणाला, "बाई, सगळ्यात फास्ट कोणती घेऊ?"

"जायचं कुठं आहे?"

"कुठं म्हणजे... असंच."

"मग कोणतीही घे. असंच जाणाऱ्याले बैलगाडीही लवकर पोचवते."

त्यांचं दुसरं वाक्य तर आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. कोणतंही वेळेचं गणित सोडवलं, उत्तर बरोबर आलं, की बाई फळ्यावर त्याच्याखाली लिहायच्या: 'अधिक पंधरा मिनिटे.' पुस्तकात असलं काही नसायचं. मुलं विचारायची, हे कायचे? "हा मूर्खाचा वाटा," बाई सांगायच्या. "रस्त्यात एक तरी मूर्ख भेटतोच. फाटक लावणारा, म्हशी आडव्या घालणारा, पत्ता चुकीचा सांगणारा. त्याचा वाटा आधीच काढून ठेवायचा. मग चिडायचं काम पडत नाही."

आता युसूफमिस्त्रीच्या शबानाची गोष्ट सांगायला हवी, कारण बाई मला कळल्या त्या तिच्या परीक्षेच्या दिवशी.

शबाना बाईंची आवडती विद्यार्थिनी. बाई तसं कबूल करायच्या नाहीत. फक्त तिच्या वहीवर लाल शाई कमी असायची. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला ती बसली. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये त्या वर्षी गाड्यांपेक्षा मांजरं जास्त होती. लोकांकडे गाडी बिघडवायलासुद्धा पेट्रोल नव्हतं. घरात शबानाच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मिस्त्रीनं बाईंना स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, ही परीक्षा झाली तर ठीक. नाहीतर पुढच्या सालाचं वचन मी कोणत्या तोंडानं देऊ? घरातले आयकून नाही राह्यले."

म्हणजे एकच संधी. परीक्षा यवतमाळला, दहा वाजता फाटक बंद.

त्या दिवशी सकाळी साडेसातची बस आलीच नाही. कापसाच्या भावासाठी आर्णीला रस्ता अडवणार अशी बातमी होती, म्हणून डेपोतून गाड्याच सुटल्या नव्हत्या. मिस्त्री पोरीला घेऊन बाईंच्या घरी धावत आला. मी शेजारीच राहायचो, म्हणून मीही आलो. लहानीला मागची सीट नव्हती आणि ब्रेकही त्या दिवशी नव्हते. डॉक्टर नागपूरला. राहिली सोळी, म्हणून सगळे सेठच्या दारात गेलो.

गोपालसेठ गाडी काढायला तयार होईनात. "बाई, आजच्या दिवशी कापसाच्या व्यापाऱ्यानं आर्णीतून जाव? लोक काच तं काच, मलेही फोडतीन."

"मी पुढं बसते," बाई म्हणाल्या. "रस्त्यावर बसणारे अर्धे माझ्या हाताखालून गेलेत. माझ्यासमोर दगड उचलाची कोणाची टाप आहे?"

सेठ आत गेले. मग चावी घेऊन आले. म्हणाले, "पोरगी आपलीच हाय."

मिस्त्रीची घाई चाललेली, निघा, निघा. पण बाईंनी पाटीवर हिशेब मांडला. "यवतमाळ सत्तर किलोमीटर. सोळीची ऐपत एकशे पंचावन्न. आपल्या रस्त्यावर गाडी ऐपतीच्या निम्म्यानं धावते. म्हणजे पंचावन्न मिनिटं. वर पंधरा मूर्खाचा वाटा. आठ पन्नासला निघालं तरी दहाच्या ठोक्याले पोचतो. वेळ भरपूर आहे. मिस्त्री, तुम्ही आधी प्लग साफ करा, हवा पाहा. पोरगी, तू बसून पोहे खा. उपाशी पोटी भागाकार चुकतो."

बाईंचा हिशेब म्हटल्यावर पुढं कोण बोलणार? शबानानं पोहे खाल्ले. मिस्त्रीनं प्लग साफ केले, बोनेट तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं. त्याला बरोबर यायचं होतं, पण बाईंनी नेलं नाही. "बाप गाडीत असला की पोरीची छाती धडधडते." ठीक आठ पन्नासला आम्ही निघालो. पुढं सेठ आणि बाई, मागं शबाना आणि मी.

आर्णीच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. बाईंनी सवयीनं घड्याळ काढलं आणि दगड ते दगड वेळ घेऊ लागल्या. एक दगड गेला. दुसरा गेला. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"सेठ, घाबरून हळू चालवून राह्यले का?"

"काटा पाहा ना बाई. शंभरावर हाय."

बाईंनी काटा पाहिला. पुन्हा वेळ घेतली. "छत्तीस सेकंद. शंभरानं छत्तीसच यायला पाहिजेत." त्या स्वतःशीच बोलत होत्या. "म्हणजे तुमचा काटा खरा आहे. मग रविवारी एकशे पंचावन्नला हा काटा कुठं होता?"

सेठनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, वर्गातल्या आवाजात. तेव्हा सेठ म्हणाले, "बाई, खरं सांगू? काटा कधी एकशे तीसच्या वर गेलाच नाही. मले वाटलं काटाच खराब हाय. मिस्त्रीकडून दोनदा बदलून घेतला. तुमचं घड्याळ कसं चुकीन?"

ऐका! कंपनीनं दिलेला काटा एक सांगत होता, बाई दुसरं सांगत होत्या, आणि त्या माणसानं काटा काढून फेकला होता. दोनदा. नंतर कळलं, डॉक्टरांनीही एकदा बदलला होता.

बाईंनी घड्याळ मुठीत घट्ट धरलं. मग त्या मागं वळल्या, आणि शबानाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या, "पोरी, माझा किलोमीटर आखूड आहे. मी तुले उशिरा काढलं."

दुसऱ्या कुणी हे मनात ठेवलं असतं. निदान परीक्षेपर्यंत तरी. मला बाईंचा राग आला, की ही वेळ आहे का कबुली द्यायची? पण शबानानं पर्समधून पेन्सिल काढली, हॉलतिकिटाच्या पाकिटावर काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "एकशे तीसच्या निम्मे पासष्ट. पासष्ट मिनिटं लागतीन बाई. नऊ पंचावन्न. पोचतो आपण. तुम्ही पंधरा मिनिटं ठेवले ना मूर्खासाठी."

"हो," त्या म्हणाल्या. "फक्त तो मूर्ख मी असीन हे नव्हतं माहीत."

आर्णीच्या चौकात मंडळी बसलेलीच होती. व्यापाऱ्याची गाडी पाहून चारपाच जण उठले. एकानं बोनेटवर हात मारला. सेठ घामानं भिजले होते. बाईंनी काच खाली केली.

"सदानंद ना रे तू? सतराचा पाढा येते का अजून?"

तो दाढीवाला बाप्या एकदम सरळ उभा राहिला. "बाई, तुमी? सेठच्या गाडीत?"

"पोरीची परीक्षा आहे. तुमचं भांडण खरं आहे, ते करा. माझ्याकडं तीन मिनिटं आहेत."

सदानंदनं मागं वळून हाक दिली, "ए, उठा रे! बाईले जाऊ द्या!" लोक उठले. वाट मिळाली. सेठ पुढं कितीतरी वेळ म्हणत होते, "सतराचा पाढा! जीव वाचवला बाप्पा सतराच्या पाढ्यानं!"

नऊ अठ्ठावन्नला शबाना फाटकातून आत गेली. शिपायानं तिच्यामागं कडी लावली. बाई फाटकाच्या गजांना धरून उभ्या होत्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. दोन मिनिटं रडल्या, मग घड्याळाला चावी दिली आणि म्हणाल्या, "चला, टेप विकत घ्यायचा आहे."

दुसऱ्या रविवारी आम्ही तो किलोमीटर मोजला. लांब टेप, एक टोक माझ्या हातात. आठशे चाळीस मीटर भरला. माझी तब्येत सुधारली नव्हती, हेही त्याच दिवशी कळलं. बाई टपरीवर गेल्या आणि नामदेवला म्हणाल्या, "हा दगड इथं कसा आला?"

नामदेव चहा गाळायचा थांबला. "रस्त्याचं काम चालू होतं बाई तवा. दगड उपटूनच पडला होता तिकडे, बाभळीपाशी. मंग आमी चौघांनी लोटत आणला."

"कायले?"

"गिऱ्हाईकाले पाठ टेकाले काही पाह्यजे ना!"

आणि तीन वर्षं त्याच दगडाला पाठ टेकून, त्याच नामदेवचा चहा पीत, बाई जगाचा वेग मोजत होत्या. मला वाटलं, आता रागानं फुटणार. पण बाई खो खो हसल्या. इतक्या, की नामदेवही हसायला लागला, काय झालं ते न कळता. "मास्तर," त्या म्हणाल्या, "पोरांना शिकवते, मोजायच्या आधी मोजपट्टी तपासा. आणि मी मोजपट्टीवरच बसली होती."

त्याच संध्याकाळी त्यांनी पानठेल्यासमोर उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं, माझं चुकलं. निळ्या वहीतला एकेक आकडा लाल शाईनं खोडून नवा लिहिला. सोळी एकशे तीस, डिझेली एकशे सव्वीस, लहानी एकशे बारा. गाव नाराज झालं. डॉक्टर तर म्हणाले, "असू द्या ना बाई, कोणाचं काय बिघडत होतं?" बाई म्हणाल्या, "एका पोरीचं बिघडलं असतं." मग वही मिटून म्हणाल्या, "आणि क्रम कुठं बदलला? सोळी पहिलीच आहे. तुलना खरी होती, फक्त फुशारकी खोटी होती."

पण गावानं फुशारकी सोडली नाही. त्या वर्षाअखेर गोपालसेठना जिनिंगही विकावं लागलं आणि सोळीही. गिऱ्हाइकानं विचारलं, किती पळते? सेठ म्हणाले, "एकशे तीस. बाईच्या किलोमीटरनं एकशे पंचावन्न." तेव्हापासून आमच्याकडे तो मापाचा प्रकारच झाला. कुणी पोराचे मार्क फुगवून सांगितले की समोरचा विचारतो, "हे सरकारी हायेत का बाईच्या किलोमीटरचे?" बाईंच्या कानावर ते यायचं. त्या म्हणायच्या, "मेल्यावर रस्त्याला नाव देतात. मला जिवंतपणी माप मिळालं."

शबानाला प्रवेश मिळाला. पुढं नोकरीही लागली, नागपूरला.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी भाच्याकडे नागपूरला राहायचं ठरवलं. न्यायला शबाना आली, स्वतः गाडी चालवत. जुनी घेतलेली लहानी. मिस्त्रीनं तिला मागची सीट बसवून दिली होती आणि ब्रेकही. सामान म्हणजे दोन पेट्या आणि ती निळी वही. बाईंनी वही माझ्या हातात दिली. मग गळ्यातलं घड्याळ काढलं आणि तेही दिलं. "तुम्ही तिकडे टपरीपाशी उभे राहा. आज फडकं मी टाकते."

दगड अजून टपरीपाशीच होता. नामदेवच्या गिऱ्हाइकांना पाठ टेकायला बाईंनीच तो ठेवू दिला होता. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी त्या टोकाला घड्याळ घेऊन कधी उभाच राहिलो नव्हतो. लांबून लाल फडकं खिडकीबाहेर आलं आणि खाली पडलं. पांढरी लहानी येऊ लागली. शबाना अगदी सावकाश चालवत होती, दोघींनाही घाई नव्हती. गाडी मोठी होत गेली. बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेल्या दिसल्या, पांढरे केस वाऱ्यानं उडालेले. जिला बस ड्रायव्हर घाबरायचे ती हीच बाई. आता मला कोण सांगणार, मास्तर डोळे उघडा म्हणून? मला फार वाईट वाटलं.

गाडी टपरीपाशी थांबली. बाईंनी हात पुढं केला. "किती?"

मी घड्याळ पाहिलं. काटा शून्यावर होता. मी ते दाबलंच नव्हतं.

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. सगळं ओळखलं.

"लिहा वहीत," त्या म्हणाल्या. "आणि बाजूला लिहा, मूर्खाचा वाटा." मग माझ्या हातावर एक थाप मारली आणि शबानाला म्हणाल्या, "चल पोरी."